थोरल्या जावेचा सर्व्हर

आचऱ्यात येऊन "संचिता खंय रवता?" असं विचारलंत तर समोरचा माणूस उलट विचारील, "खंयची संचिता?" पण "सर्व्हरवाली वैनी" म्हणालात, तर तिठ्यावरची मासेवालीसुद्धा हातातला बांगडा तसाच धरून घराची वाट दाखवील. सर्व्हर म्हणजे काय हे तिला विचारू नये. ती म्हणेल, "इंटरनेटाचां कायतरी आसा. बंद पडला की ती चालू करता."

आणि ते काही चूक नव्हतं. देवबागपासून कुणकेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर जी होमस्टे आहेत, खानावळी आहेत, पर्यटकांना बोटीतून फिरवणारे आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वेबसाइटी एकाच भाड्याच्या संगणकावर होत्या. तो संगणक मुंबईला कुठल्याशा थंडगार इमारतीत. संचितानं तो कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ती आचऱ्याच्या घरात, लोट्यावरच्या, म्हणजे पुढच्या ओसरीवरच्या, बाकड्याशी लॅपटॉप घेऊन बसे, काळ्या पडद्यावर आदेश टाइप करी, आणि तो दूरचा संगणक तिचं ऐके. गावपळणीला देवाच्या कौलानं अख्खं गाव वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहिलं, तेव्हासुद्धा तिनं माडाला टेकून मोबाइलवरून बंद पडलेल्या वेबसाइटी उठवल्या होत्या. ती गोष्ट लोक अजून सांगतात.

संचिता मूळची वालावलची. बी.कॉम. होऊन धनेशच्या घरात थोरली सून म्हणून आली. धनेशचा नारळाचा व्यापार; टेंपो घेऊन सकाळी बाहेर पडला की दुपार टळल्यावर घरी. हिशोबाला उपयोगी पडेल म्हणून संचिता टॅली शिकायला मालवणात फॉस्टिन सरांच्या क्लासला जाऊ लागली. टॅली राहिलं बाजूला. एके दिवशी सरांच्या टेबलावर काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं सरसर वर जाताना तिला दिसली.

"सर, ह्यां काय?"

"ह्यां कॉम्प्युटराचां खरां तोंड," सर म्हणाले. "बाकी सगळी चित्रां. चित्रांक हात लावन काम करणारे शंभर मिळतत. तेच्या तोंडार बोलणारां एकादाच."

तिला त्याच तोंडाशी बोलायचं होतं. सरांनी तिच्या हातातला माउस काढून घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. पुढं सर मुलाकडे मडगावला राहायला गेले, तेव्हा सगळी गिऱ्हाइकं आणि सर्व्हर तिच्या हवाली करून म्हणाले, "माज्यापेक्षां तूच बरो सांभाळतलंस." बाया सोन्याचा डाग जपतात तसं संचितानं ते वाक्य जपलं होतं.

सासू हौसाबाईंना या कामाचं फार काही कळत नसे. त्या त्याला "काळो पडदो" म्हणत. "माज्या झिलाचो धंदो इतकी वर्षां, पण तेचो फोन वाजणा नाय इतको हिचो वाजता," असं मात्र त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तक्रारीच्या सुरात, आणि तो सूर खोटा असे. फोन वाजला की संचिता हातातलं काम टाकून उठे. पिठाचे हात पदराला पुसत "सांगा, काय झालां?" म्हणे. त्या तीन शब्दांत तिचा सगळा मान होता.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं.

कौस्तुभ कणकवलीच्या एका बँकेत. मुलगी कुडाळची, समीक्षा नावाची, पुण्याला नोकरी करणारी. बातमी सांगायला तो हसत हसत स्वैपाकघरात आला. "वैनी, तुमका सोबतीण आणतंय. तीय सर्व्हरचांच काम करता. लग्नानंतर हयसूनच करतली."

"बरां झालां," संचिता म्हणाली. मग थोड्या वेळानं, जणू सहज आठवलं म्हणून, "मोठी कंपनी आसा काय रे?"

"आसा तर. दोनशे सर्व्हर सांभाळता तिची टीम."

दोनशे. संचिताकडे एक होता. घावण्याचा तवा उतरवताना तिनं मनातल्या मनात म्हटलं की टीम सांभाळते, ही एकटी नव्हे. पण तो आकडा मनातून हलेना.

समीक्षा आली. उंच, शांत, चष्मेवाली. सासूला वाकून नमस्कार करणारी, मासे साफ करायला न लाजणारी. तिच्यात खोड काढायची तर जागाच नव्हती, आणि हीच संचिताची पहिली पंचाईत झाली. वाईट जाऊ मिळाली असती तर चार घरी सांगता आलं असतं. माडीवरच्या खोलीत समीक्षानं टेबल मांडलं, दोन मोठे स्क्रीन लावले, कानाला हेडफोन लावला, आणि इंग्रजीत बोलू लागली. खाली लोट्यावर ते बोलणं ऐकू येई. हौसाबाई वर बघून म्हणत, "आता काळे पडदे दोन झाले." संचिताला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

एके सकाळी समीक्षा चहाचा कप घेऊन संचिताच्या शेजारी येऊन बसली. संचितानं नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला, रूट या नावानं पासवर्ड टाकला आणि सर्व्हरमध्ये शिरली. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याला कुठल्याच खोलीचं दार बंद नाही. तो काहीही उघडू शकतो आणि काहीही पुसू शकतो.

"वैनी," समीक्षानं हळूच विचारलं, "तुमी डायरेक रूटान जातास?"

"म्हंजे?"

"नाय, म्हंजे आमच्याकडे रूटाक बाहेरसून येवकच देणत नाय. जेचा तेणां आपल्या नावान आत जावचां, मगे लागात तेवढोच अधिकार घेवचो. आणि पासवर्ड ठेवणत नाय. चावी म्हणान एक फाइल असता, ती आपल्याच कॉम्प्युटरात रवता, तिचो जोडभाग तेवढो सर्व्हरार ठेवचो. पासवर्ड काय, कोणय अंदाजान मारीत बसतत."

तिच्या बोलण्यात शिकवण्याचा आव नव्हता. तेच संचिताला जास्त झोंबलं.

"आमच्याकडे काय दोनशे सर्व्हर नाय गो," ती म्हणाली, "एकच आसा. तो आजपर्यंत कोणी फोडूक नाय."

समीक्षानं चहा संपवला आणि कप विसळायला आत गेली. त्या दिवसापासून संचिता सर्व्हरमध्ये शिरताना आजूबाजूला बघू लागली.

कौस्तुभच्या आग्रहावरून तिला समीक्षाचं खातं सर्व्हरवर उघडावं लागलं. "कधी तू वालावलाक गेलंस तर कोणतरी होया मां," धनेशही म्हणाला. संचितानं खातं उघडलं, पण मालकाचे अधिकार दिले नाहीत. म्हणजे समीक्षा आत येऊ शकत होती, बघू शकत होती. हात कशालाच लावू शकत नव्हती. पाहुणीला लोट्यावर बसवावं आणि माजघराचं दार ओढून घ्यावं, तसं. समीक्षानं तिथं आपली चावी ठेवली. अधिकारांचं तिनं एकदाच विचारलं.

"मगे बघूया," संचिता म्हणाली. ते "मगे" काही आलं नाही.

आणि मग संचिताला एक खोड लागली. समीक्षा किती वाजता आत आली, किती वेळ थांबली, हे एका आदेशात दिसतं. ते ती रोज बघू लागली. समीक्षानं आत येऊन काय काय टाइप केलं, त्याचीही नोंद तिच्या खात्यात राहते, आणि मालकाला ती वाचता येते. ती नोंदही संचिता वाचू लागली. आधी चूक शोधायला. चूक सापडेना. सापडले ते असले आदेश, जे तिनं कधी वापरलेच नव्हते. चार ओळींचं काम एका ओळीत. मग एकेक आदेश घेऊन ती त्याचा अर्थ शोधत बसे आणि स्वतः करून बघे. तो चाले, तेव्हा तिला आनंद होई, आणि तो आनंद कोणाच्या उष्ट्यावरचा आहे हे आठवलं की लगेच कडू होई. जावेच्या ताटातलं तिला कळू न देता खावं, गोड लागावं, आणि त्याचाच राग यावा, असं काहीसं तिचं चाललं होतं.

त्यातून एक वेगळंच दुखणं निघालं. वेबसाइटीच्या पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्ह दिसतं, ते टिकवायला दर काही महिन्यांनी एक प्रमाणपत्र नवं करावं लागतं. संचिता ते हातानं करी. कोणाचं राहून गेलं की फोन येई, "वैनी, कुलूप गेला", आणि ती दोन मिनिटांत आणून देई. समीक्षा बोलता बोलता म्हणाली होती की हे आपोआप होण्याची सोय असते. संचितानं मानेनंच "म्हायत आसा" म्हटलं, आणि ती बाजारात गेल्यावर वाचून, धडपडून ती सोय बसवली. चोख बसवली. त्यानंतर फोन वाजायचे कमी झाले. कुलूप कुणाचं जाईना, वैनी कुणाला आठवेना. दुपारची ती मोबाइल उशाशी घेऊन पडे आणि वर माडीवर समीक्षाचा फोन वाजताना ऐके.

डिसेंबर लागला. किनाऱ्यावर गर्दीचे दिवस. समीक्षाच्या नोंदीत एकच आदेश पुन्हा पुन्हा दिसू लागला: सर्व्हरवर जागा किती उरली हे सांगणारा. आजही तोच. उद्याही तोच. एकदा तर एकाखाली एक तीनदा. संचिताला वाटलं, ही आता माझं काय उणं ते मोजते आहे.

एक दिवस मागच्या पडवीत दोघी तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसल्या होत्या. समीक्षा म्हणाली, "वैनी, डिस्क भरत इली. जुने बॅकअप काढूक होये."

"माका म्हायत आसा."

माहीत नव्हतं. समीक्षा उठून गेल्यावर तिनं बघितलं, तर खरंच जागा संपत आली होती. रोजच्या बॅकअपची जुनी गाठोडी कित्येक महिन्यांची तशीच पडलेली. एका आदेशाचं काम होतं. पण आत्ता केलं तर तिच्या सांगण्यावरून केल्यासारखं होईल. दोन दिवस जाऊ देत, मग आपण आपलं करू, असं ठरवून तिनं लॅपटॉप मिटला. दोन दिवसांचे आणखी दोन झाले.

अशातच ग्लोरिया आली. देवबागला तिचं होमस्टे, आणि ती फॉस्टिन सरांची सख्खी बहीण. नाताळाच्या आधी करंज्यांसारख्या नेवऱ्या आणि दोदोलची मिठाई घेऊन ती दर वर्षी येई आणि संचिताजवळ तासभर बसे. या वेळी बसली ती दोघींच्या मध्ये. इकडचं तिकडचं झालं, आणि ती समीक्षाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुजां माजां त्या दिवशी फोनार तुज्या कामाचां बोलणां झालां मां, तां सगळां मी फॉस्टिनाक सांगलंय. तेणां काय म्हटल्यान म्हायत आसा? म्हणालो, देवाक काळजी. आता सर्व्हर बऱ्या हातात पडलो."

समीक्षा पटकन म्हणाली, "सर्व्हर वैनीच बघतत, आंटी. मी नुसतां बघतंय."

"तां खरां गो, पण तू शिकललां चेडू."

संचितानं बशीतली नेवरी उचलली, अर्धी खाल्ली आणि अर्धी परत ठेवली. आता पडलो म्हणजे? इतकी वर्षं तो कुठल्या हातात होता? सरांना ती शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होती; समीक्षाचा त्यांनी आवाजही ऐकला नव्हता. ग्लोरिया उठली तेव्हा संचिता तिला बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला गेली नाही. हौसाबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. धनेश टेंपो घेऊन गेलेला, कौस्तुभ हौसाबाईंना घेऊन देवळात. समीक्षा माडीवर. संचितानं न्याहारीची भांडी तशीच ठेवली आणि लॅपटॉप उघडला. तिनं पहिल्यांदा टाइप केला तो समीक्षाचं खातं काढून टाकण्याचा आदेश. पूर्ण टाइप केला. समीक्षाचं नाव शेवटी, आणि पुढं लुकलुकणारा ठिपका. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. ती किती वेळ तशी बसली कोण जाणे. माडीवरून समीक्षाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. नहाणं झालं असावं. संचितानं एकेक अक्षर मागं घेत सगळी ओळ पुसली.

पण हात शिवशिवत होते. आपल्याला काही येत नाही असं कोणी पुन्हा म्हणता कामा नये. रूटाचं बाहेरचं दार बंद करायचं, पासवर्ड बंद करायचे, सगळं अगदी दोनशे सर्व्हरवाल्यांसारखं, आणि तेही कोणाला न विचारता. तिनं आधी काळजीनं सगळ्याचा एक ताजा बॅकअप घेतला. मग स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, चावी बनवली, चावी सर्व्हरवर ठेवली. मग सेटिंगाच्या फाइलीत दोन ठिकाणी "नाही" लिहिलं, सेवा पुन्हा चालू केली, आणि बाहेर पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. तिनं भांडी घासायला घेतली.

फॉस्टिन सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं: दार बदलायचं असेल तर आधी दुसऱ्या खिडकीतून आत येऊन बघ, तोवर पहिली खिडकी मिटू नको. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या दोन पोरांना हे तिनं स्वतः सांगितलं होतं. त्या सकाळी मात्र आठवलं नाही.

भांडी अर्धी झाली तोच फोन वाजला. ग्लोरियाचा.

"संचिता गो, माज्या साइटीर बुकिंग जायना! मुंबयचे पावणे फोन करून करून दमले. नाताळ तोंडार इलो, आता काय करू?"

"बघतंय, आंटी. पाच मिनटां."

तिनं लॅपटॉप उघडला. आपल्या नव्या नावानं आत जायला गेली. परमिशन डिनाइड. पुन्हा. तेच. रूट म्हणून गेली. तेही बंद, तिनंच बंद केलेलं. तिनं नाव तपासलं, चावी तपासली, उगाच इंटरनेट बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर तीच ओळ एकाखाली एक साचत गेली. इतक्यात एका खानावळवाल्याचा फोन आला. मग बोटवाल्याचा. फोन वाजावा म्हणून महिनाभर झुरलेली बाई त्या वाजणाऱ्या फोनकडे हात लावायची हिंमत न होऊन बघत राहिली.

आत जायची एक मागची वाट होती: सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. पण तिथलं खातं अजून फॉस्टिन सरांच्या नावावर होतं, आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाई. तिनं सरांचा नंबर काढला. "सर, मी माजांच दार लावन बाहेर रवलंय." हे सांगायचं, आणि तेही कालच्या त्या बोलण्यानंतर. सर रागावणार नाहीत. सर "हरकत नाय" म्हणतील आणि मनात म्हणतील, बरोबरच बोललो होतो. तिनं फोन लागायच्या आत कापला. नाचक्की व्हायचीच असेल तर घरात होऊ दे. घरातली घरात राहते.

ती माडीचा जिना चढली. प्रत्येक पायरीवर वाटत होतं की परत फिरावं.

समीक्षा खिडकीशी केस सुकवत उभी होती. संचिताचा चेहरा बघून तिनं टॉवेल बाजूला टाकला.

"काय झालां, वैनी?"

"सर्व्हरार जावक जमना नाय." मग, कारण अर्धं सांगून भागणार नव्हतं, "मी पासवर्ड बंद केलंय. रूटय बंद केलंय. माजी चावी चलना नाय. आणि ग्लोरियाचां बुकिंग बंद पडलां."

समीक्षा खुर्ची ओढून बसली, आपल्या नावानं सर्व्हरकडे गेली, आणि तिची चावी चालली. दार उघडलं.

समीक्षानं जागा किती उरली ते विचारलं. उत्तर आलं: काहीच नाही. सकाळच्या त्या ताज्या बॅकअपनं उरलीसुरली जागा गिळली होती, आणि नवं बुकिंग लिहायला डेटाबेसला बोटभर जागा राहिली नव्हती.

"जुने बॅकअप पुसूक होये," समीक्षा म्हणाली. "पण माका तो अधिकार..." आणि थांबली. "तुमका रूटाचो पासवर्ड म्हायत आसा मां? बाहेरसून बंद आसा, पण एकदा आत इल्यार हयसून रूट होवक येता. तुमी हय बसा. तुमीच घाला."

ती उठली. संचिता तिच्या खुर्चीत बसली. समीक्षा खिडकीकडे गेली आणि तोंड बाहेर करून उभी राहिली, जसं नवी नवरी कपडे बदलताना करवलीनं राहावं. कोणी सांगितलं नव्हतं. संचितानं पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. आत गेली.

पुढचं तिला कोणी शिकवायला नको होतं. जुनी गाठोडी काढली, जागा मोकळी झाली, डेटाबेस उठवला. ग्लोरियाला फोन करून बुकिंग करून बघायला सांगितलं. "झालां गो, झालां!" ग्लोरिया ओरडली. "समीक्षान केल्यान?"

"दोघींनी," संचिता म्हणाली आणि फोन ठेवला. तेवढं म्हणायलासुद्धा तिला जीव घट्ट करावा लागला.

समीक्षानं मग तिची चावी का चालली नाही ते शोधलं. चावी रूटाच्या घरात, म्हणजे त्याच्या फोल्डरात, ठेवली गेली होती. ठेवायला हवी होती संचिताच्या घरात. "माजांय एकदा असांच झालेलां," ती म्हणाली. खरं असेल, खोटं असेल. ती हसली असती तर बरं झालं असतं, संचिताला वाटलं. हसली असती तर तिच्यावर रागावता आलं असतं.

"एक सांगू, वैनी?" समीक्षा तिच्याकडे न बघता म्हणाली. "मी आत काय टाइप करतंय तां तुमी वाचतास, तां माका म्हायत आसा."

संचिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुमी मॅन्युअल उघडून बघतास तेच आदेश, जे मी आदल्या दिवशी वापरलेले असतत. घरात बसान बोलतास मां तोंडातल्या तोंडात, खालसून वर ऐकाक येता. म्हणान तो डिस्कचो आदेश मी परत परत टाइप करी. म्हटलां, तोंडान सांगलेलां तुमका रुचणां नाय, वाचून तरी कळात."

संचिताला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती उठायला लागली.

"बसा मां. माका राग नाय इलो." समीक्षानं ओल्या केसांची गाठ मारली. "खरां सांगू? दोनशे सर्व्हर आसत, पण थंय माका नावान कोण वळखणा नाय. काय बंद पडला तर तक्रारीचां तिकीट येता, चालू झालां तर तिकीट जाता. तुमका लोक वाटेर थांबवन विचारतत. माका हय येवन पयल्या आठवड्यातच तुमचो हेवो वाटललो."

खोटं कशाला सांगा, ते ऐकून संचिताला बरं वाटलं. जावेला समजून घ्यावं, तिचा हात धरावा, असलं काही तिच्या मनात आलं नाही. आपला हेवा वाटतो, तोही दोनशे सर्व्हरवालीला, एवढंच ती जिना उतरताना मनात घोळवत होती.

त्याच दुपारी, हौसाबाई देवळातून परत यायच्या आत, तिनं समीक्षाच्या खात्याला मालकाचे अधिकार दिले. वर जाऊन सांगितलं नाही. पण समीक्षाला ते कळलं असणार, कारण संध्याकाळी ती नारळ खवत बसलेल्या संचिताजवळ येऊन न बोलता दुसरी वाटी खवू लागली.

यानंतर दोघी अगदी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या, असं कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. संचिता अजूनही सकाळी उठून कोण कधी आत आलं ते बघे. गिऱ्हाइकानं फोनवर "धाकट्या वैनी आसत काय?" म्हटलं की तिचा आवाज खाली जाई. फरक पडला तो इतकाच की आता ती विचारू लागली. "ह्यां कसां केलंस गो?" असं तोंडानं. विचारताना प्रत्येक वेळी काहीतरी गिळावं लागे, पण गिळलं जाई. आणि कधी समीक्षाला अडलं, फॉस्टिन सरांच्या काळातली कुठली जुनी गुंतवळ सुटेना झाली, की संचिता मुद्दाम हातातलं काम पुरं करून, सावकाश, माडी चढे.

पुढल्या वर्षी पावसात समीक्षा बाळंतपणाला कुडाळला गेली. सर्व्हर पुन्हा एकट्या संचिताचा झाला. पहिले काही दिवस गेलेलं राज्य परत मिळाल्यासारखे गेले. सगळे फोन तिलाच. मग एकदा कुणकेश्वरच्या एका खानावळीची ईमेलं कुठंच पोचेनाशी झाली. अर्धा दिवस खटपट केल्यावर तिला कळलं की पत्त्याची नोंद चुकून दोन जागी झाली आहे. तिनं मान वर केली, आणि सांगायला समोर कोणी नव्हतं. हौसाबाईंना सांगितलं.

"सुटला? बरां झालां," त्या म्हणाल्या. "आता उठ, तांदूळ निवडूक घे."

तिनं कुडाळला फोन लावला. बाळाची चौकशी केली, दूध पुरतं का विचारलं, आणि मग खानावळीची गोष्ट सांगायला घेतली. निम्मी सांगून होते न होते तोच समीक्षा म्हणाली, "वैनी, नोंद दोन जाग्यांर झाली काय बघा."

मनात ती जुनी बारीक कळ आलीच. अर्धा दिवस आपला, आणि हिचं एक मिनिट, तेही मांडीवर पोर घेऊन.

"तांच सांगूक फोन केलंय गो," संचिता म्हणाली. पलीकडे बाळ रडायला लागलं. "घे तेका आधी. आणि येतलंस कधी?"

"गणपतीक."

"इतक्या उशिरा?" संचिताच्या तोंडून गेलं. फोन ठेवल्यावर, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन, आपण ते मनापासून विचारलं की तोंडदेखलं, याचा ती बराच वेळ विचार करत राहिली.